पक्षिमित्रांची बोलणी आणि माळरानाचा हिशेब

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कुंकवामुळे. येथे तयार होणारे कुंकू गावोगावच्या देवस्थानांच्या दारी विकले जाते. आणि मुंबई-सोलापूर लोहमार्गाने जाणाऱ्या प्रवाशास केम हे कुर्डुवाडीच्या अलीकडचे एक लहानसे स्थानक म्हणून परिचित असते. गाडीच्या खिडकीतून दिसणारा भोवतालचा माळ त्या प्रवाशाला उजाड वाटतो. परंतु ह्याच माळावर पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडणारी काही मंडळी आहेत. त्यांत शाळामास्तर आहेत, कचेरीतले कारकून आहेत, महाविद्यालयातील विद्यार्थी आहेत आणि निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा ह्या विवंचनेतून सुटलेले एकदोन वृद्धही आहेत. ह्या मंडळींचा एकमेकांशी जो रोजचा संवाद चालतो, त्याविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. दुष्काळ, ऊसदर, बेकारी, परीक्षांचे गोंधळ असे प्रश्न आ वासून उभे असताना पाखरे पाहणाऱ्यांच्या गप्पांस वर्तमानपत्रात जागा कशासाठी? प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा असल्यामुळे त्याच्याही मनात हा प्रश्न प्रथम आला होता. तथापि गेली काही वर्षे ह्या मंडळींत वावरल्यानंतर असे वाटू लागले आहे की, ह्या साध्या बोलण्याच्या पोटात आपल्या समाजाच्या अर्थव्यवहारासंबंधी एकदोन मोठे प्रश्न दडलेले आहेत.

बिनमोल देवघेव

ही बोलणी असतात तरी कशी? सकाळी कोणी विचारतो, "सर, बाभळीवर मान वळवून बसलेला राखी पाठीचा पक्षी कोणता हो?" सर उत्तर देतात, "डोळ्यावरून काळी पट्टी होती का? मग तो खाटीक." त्यावर तिसरा म्हणतो, "काका, काल तुम्ही सुतारपक्ष्याला हुदहुद्या म्हणालात, तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो!" काकाही हसतात. मग कोणाच्या मुलीचे लग्न ठरल्याची वार्ता निघते, कोणाचा गुडघा दुखतो, पाऊस लांबला ह्याची काळजी व्यक्त होते आणि पुन्हा बोलणे माळावरच्या चंडोलाकडे वळते. पूर्वी हा संवाद फलाटावरच्या बाकावर नाही तर पत्रांतून चालत असे. आता तो बराचसा भ्रमणध्वनीवरून चालतो. साधन बदलले, पण बोलण्याची जात बदललेली नाही.

ह्या देवघेवीचे वैशिष्ट्य असे की, तीत पैसा नाही. पक्ष्याची ओळख पटविण्यासाठी ज्याने पंचवीस वर्षे उन्हातान्हात घालविली, तो आपले ज्ञान नवख्या पोरास फुकट देतो आणि त्या बदल्यात 'आज सकाळी तळ्यावर काय दिसले' एवढेच मागतो. रिचर्ड टिटमस ह्या इंग्रज विचारवंताने १९७० साली रक्तदानावर एक ग्रंथ लिहिला. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून दिले जाते, अमेरिकेत त्या वेळी त्याचा बराचसा भाग विकत घेतला जात होता. टिटमसचे म्हणणे असे की, विकत घेतलेले रक्त निकृष्ट ठरते. कारण विकणाऱ्याला आपला आजार लपविण्यात लाभ असतो, दात्याला तसा लाभ नसतो. पक्षिमित्रांच्या नोंदींसही हेच लागू आहे. ज्याला नोंदीमागे पैसे मिळतील, त्याला न दिसलेला पक्षी दिसल्याचा मोह होईल. येथे मोह झाला तरी तो टिकत नाही, कारण मित्रमंडळी चेष्टेने का होईना, पण नेमके विचारतात: "चोच कशी होती? पाय कोणत्या रंगाचे? उडताना काय दिसले?" स्नेहाने केलेली ही उलटतपासणी म्हणजेच ह्या ज्ञानाची कसोटी होय.

गप्पांतून शास्त्र

अशा गप्पांना आपल्या देशात बरीच जुनी परंपरा आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली, तीही निसर्गाची आवड असणाऱ्या मोजक्या गृहस्थांच्या एकत्र येण्यातूनच. डॉ. सालिम अली ह्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. पुढे १९६०च्या सुमारास जफर फतेहअली ह्यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधे वार्तापत्र सुरू केले. प्रारंभी चक्रमुद्रित पानांवर निघणारे हे पत्र म्हणजे गावोगावच्या हौशी निरीक्षकांचे एकमेकांशी चाललेले बोलणेच होते. कोणी आपल्या अंगणातील घरट्याविषयी लिही, तर दुसरा पुढील अंकी त्याला दुरुस्ती सुचवी. महाराष्ट्रातही पक्षिमित्रांची संमेलने १९८०च्या दशकापासून भरत आली आहेत. तेथे व्यासपीठावरील भाषणांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, मोल जेवणाच्या पंक्तीतील बोलण्यास असते, हे तेथे जाऊन आलेला कोणीही सांगेल.

ह्या गप्पांची बेरीज केली तर काय हाती येते? २०२३ साली 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांवर निरीक्षकांनी नोंदविलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी त्यास आधार होत्या. ९४२ जातींचा विचार त्यात झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ मुदतीचा कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींची संख्या घटली असल्याचे आढळले. उघड्या माळरानांवर राहणाऱ्या पक्ष्यांची घट विशेष चिंताजनक होती. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो आपल्या तारांवर बसणारा नीलपंखही घटणाऱ्यांत निघाला. कोणत्याही सरकारला पगारी नोकर नेमून एवढी माहिती गोळा करता आली नसती. मास्तरांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी फावल्या वेळात केलेल्या नोंदींचे हे फळ आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात त्याची किंमत शून्य धरली जाते. पण जिची किंमत शून्य तिचे मोल शून्य नसते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही सांगावे लागते.

बोलण्याची चूक

येथवर सर्व गोड झाले. आता लेखकास आपलाच एक प्रमाद सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात केमजवळच्या एका माळावर धाविक पक्ष्याची अंडी दिसली. धाविक घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगात मिसळून जातील अशी दोनतीन अंडी घालतो. ती प्रथम दिसली ती मला नव्हे, तर मेंढरे राखणाऱ्या एका वृद्ध धनगराला. त्याने हाताला धरून नेले, दुरूनच बोट दाखविले आणि मेंढरे दुसऱ्या वाटेने वळविली. त्या संध्याकाळी मी उत्साहाच्या भरात ही वार्ता मित्रमंडळींस सांगितली, जागेच्या खाणाखुणांसह. सांगण्यात माझा काही स्वार्थ होता काय? होता. 'सरांना धाविकाची अंडी सापडली' हे कौतुक मला हवे होते. पुढच्या रविवारी त्या माळावर चार मोटारी उभ्या होत्या. छायाचित्रे घेण्यासाठी माणसे इतकी जवळ गेली की पक्ष्याची जोडी दिवसभर उन्हात दूर पळत राहिली. सोमवारी अंडी तेथे नव्हती. ती कोणी नेली, कोल्ह्याने की कुत्र्याने की कावळ्याने, हे कळले नाही. धनगरबाबा भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "सर, मी चाळीस वर्सं हितं मेंढरं चारतुया. मी कुणाला सांगत न्हाई. तुम्ही लई बोलता."

हे वाक्य लेखकाच्या मनातून गेलेले नाही. फुकट मिळणारी माहिती निरुपद्रवी असते असे नाही. पाण्याची विहीर कोठे आहे हे सर्वांस सांगावे, पण तिच्यातले पाणी मोजके असेल तर आधी वाटपाचा विचार करावा लागतो. घरट्याची जागा ही अशीच मोजकी वस्तू आहे. तिची वार्ता जितकी पसरेल तितकी ती वस्तूच नष्ट होण्याची शक्यता वाढते.

माळढोकाचा धडा

परंतु त्या धनगराच्या बोलण्यात आणखीही एक गोष्ट होती. आमच्या संवादात तो नव्हता. पक्षी त्याचे, माळ त्याचा, पहिली नजर त्याची; आणि बोलणारे मात्र आम्ही. ह्या जिल्ह्याने ह्या दुराव्याची फार मोठी किंमत एकदा मोजलेली आहे.

सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक पक्ष्यांकडे १९७०च्या दशकात लक्ष वेधले गेले, बी. एस. कुलकर्णी ह्यांच्यासारख्या हौशी निरीक्षकाचा त्यात मोठा वाटा होता. पुढे १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. आमचा करमाळा तालुका त्यात होता. हेतू उत्तम होता. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पंधरा किलोपर्यंत वजनाचा डौलदार पक्षी नामशेष होऊ नये, असे कोणाला वाटणार नाही? पण हे क्षेत्र म्हणजे निर्जन अरण्य नव्हते. त्यात गावे होती, पेठा होत्या, जिराईत शेते होती. जमिनीचे व्यवहार, बांधकामे, उद्योगधंदे ह्यांत अडचणी येऊ लागल्या. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानात माळढोक पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त चरत होता, त्याला तो आता आपल्या सातबाऱ्यावर बसलेला सरकारी अंमलदार वाटू लागला. पुढे हे क्षेत्र पुष्कळ कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर पक्षी जवळजवळ गेला होता. आज महाराष्ट्रात एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते. देशात उरलेले थोडे पक्षी मुख्यत्वे राजस्थानातील जैसलमेरच्या बाजूस आहेत.

दोष केवळ कायद्याचा नव्हे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, भीमेचे पाणी अडले, उपसा योजना आल्या आणि जेथे ज्वारी व कुसळ होते तेथे ऊस आणि केळी उभी राहिली. कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. ह्याबद्दल शेतकऱ्यास दोष देणे हा पोट भरलेल्या माणसाचा उद्धटपणा होईल. ज्याने १९७२चा दुष्काळ पाहिला, खडी फोडली, त्याने पाणी आल्यावर ऊस लावू नये, असे सांगण्याचा अधिकार दुर्बीणवाल्याला कोणी दिला? आणि ज्या पाण्यावर आपण हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब आणि चित्रबलाक पाहावयास जातो, त्याच पाण्याखाली करमाळा, इंदापूर भागातील कित्येकांची घरे व काळीभोर राने गेलेली आहेत. धरणाची पातळी उतरली की चिखलाचे उथळ काठ उघडे पडतात, रोहित तेथे चरावयास उतरतात आणि पक्षिमित्र आनंदतात. त्याच वेळी बुडालेल्या गावाच्या भिंती वर येतात आणि कोणी म्हातारी आपल्या जुन्या घराचा उंबरा शोधीत हिंडते. दोन्ही दृश्ये एकाच किनाऱ्यावरची आहेत. पक्षिमित्रांच्या बोलण्यात पहिले येते, दुसरे येत नाही.

नावे कोणी ठेवली?

वास्तविक ह्या संवादाची भाषाच सामान्य माणसांनी घडविली आहे. भक्ष्य काट्यावर टोचून ठेवतो म्हणून खाटीक. घारीच्याही मागे लागून तिला हाकलतो म्हणून कोतवाल. टोळीने कलकलाट करीत हिंडतात म्हणून सातभाई. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावून पाण्यावर जमतो म्हणून वारकरी. पंढरपूरच्या ह्या जिल्ह्यात शेवटच्या नावाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. 'पेर्ते व्हा' असे ओरडणारा पावशा तर शेतकऱ्याच्या पंचांगाचाच भाग आहे. ही नावे विद्यापीठात तयार झाली नाहीत. सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासी, कोळी, पारधी ह्यांच्या संगतीत बसून असा शब्दसंग्रह केला आणि मराठीला दिला. २००६ साली सोलापुरास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हे दोन्ही साधून राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात भाषणे होतात, भित्तिपत्रके लागतात. पण चितमपल्लींची खरी शिकवण आधी ऐकण्याची होती, आणि तीच आपण विसरतो.

काय करता येईल?

एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. सामायिक कुरण वा जलाशय हमखास नासतो, त्यास एक तर खाजगी करावा किंवा सरकारने ताब्यात घ्यावा, ही समजूत त्यांनी खोडून काढली. जे लोक त्या संपत्तीवर जगतात त्यांनी मिळून नियम केले, ते पाळले जातात की नाही हे स्वतः पाहिले, तर ती टिकते, असे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले. आमच्या माळाला हे तंतोतंत लागू आहे. माळढोकाच्या बाबतीत नियम वरून आले. धाविकाच्या बाबतीत नियमच नव्हता. दोन्हीकडे माळावरचा माणूस बाहेर राहिला.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या जागा विणीच्या काळात कोणी कोणास सांगू नयेत. 'दिसला' एवढे सांगावे, 'कोठे' हे हंगाम संपल्यावर सांगावे. आमच्या मंडळींनी धाविकाच्या प्रसंगानंतर हा नियम स्वतःस लावून घेतला आहे आणि त्यामुळे गप्पांची गोडी काही कमी झालेली नाही. दुसरी, मेंढपाळ, मासेमारी करणारे आणि शेतमजूर ह्यांना ह्या संवादात पाहुणे म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून जागा द्यावी. उजनीच्या पलीकडच्या काठावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूस, मासेमारी करणाऱ्यांनी पाहुण्यांस होडीतून पक्षी दाखविण्याचा व्यवसाय उभा केला आहे. तेथे पक्षी जिवंत असण्यात त्यांचा चार पैशांचा लाभ आहे, हे आपल्या सर्व उपदेशांहून प्रभावी आहे. पैसा येथे आला म्हणून बिघडले, असे म्हणता येणार नाही. टिटमसचा आक्षेप ज्ञान विकण्यास लागू पडतो, श्रमाच्या मोबदल्यास नव्हे. तिसरी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. केमसारख्या गावच्या शाळेत प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी, तीत मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पक्ष्यांची नावे, येण्याजाण्याचे दिवस, पूर्वी दिसत पण आता दिसत नाहीत अशी पाखरे लिहावीत. ह्यास अनुदान लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. आजोबांना प्रश्न विचारणारे नातवंड मिळणे, ही सुद्धा आजच्या काळात लहान गोष्ट नव्हे.

ह्याने माळढोक परत येईल, असा दावा लेखक करीत नाही. गेलेली गोष्ट गप्पांनी परत येत नाही. पण धाविक अजून आहे, पखुर्डी आहे, हिवाळ्यात भोवत्या अजून माळावर झेपावत फिरतो. आणि त्यांना पाहणारी, एकमेकांची थट्टा करीत एकमेकांस शिकविणारी माणसेही आहेत. त्यांच्या बोलण्याचे वर्तुळ हातभर रुंद झाले, तर एवढ्यावरही पुष्कळ टिकेल.

मागच्या उन्हाळ्यात धनगरबाबांनी पुन्हा एकदा हाताला धरून माळावर नेले. काय दाखविले, हे ह्या लेखात लिहिणे नियमाविरुद्ध होईल.